तिकडच्या बातम्या

१

टेक्सासातला एक इंजिनिअर, मूळ कळंबचा: "तिकडच्या बातम्यांत हवामान तेवढं खरं. बाकी सगळी मतं."

२

त्याच्या आईचा फोन, इथल्या रात्री नऊला. तिकडं सकाळ. "टेक्सासात वादळ आलंय म्हणं. घरातच थांब." त्यानं पडदा सारून बघितलं; लख्ख ऊन. टेक्सास महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे, हे त्यानं आईला आधीही सांगितलेलं. "मग टीव्हीवर लाल लाल काय दाखवायलेत?" वादळ होतं, पण पाचशे मैलांवर.

अमेरिकेच्या बातम्या त्याला आईकडून कळतात. कळंबच्या बातम्या आईला तो सांगतो, कारण गावाचे सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याच्या फोनवर आहेत.

३

आमच्या, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्याची परदेशातली मंडळी नवरात्रात थोडी येतात, डिसेंबरात जास्त. तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या तुळजापूरच्या तिथ्या बघून ठरत नाहीत. आली की पगाराचं विचारावं तर हसून विषय बदलतात, आणि घराच्या हप्त्याचं विचारलं तर एका वाक्यात सांगून मोकळे होतात. "तिकडं बातम्या कुठल्या बघता?" एवढं विचारलं की मात्र समोरचा चहा गार होतो.

म्हणून मी हल्ली एवढंच विचारतो.

४

आखातात पंधरा-वीस वर्षं काढलेला परंड्याचा फोरमन. तिथल्या सरकारी वाहिनीच्या इंग्रजी बातम्या रोज बघायचा, इंग्रजी सुधारावं म्हणून. मत विचारलं तर म्हणाला, "कोण कुणाला भेटलं ते रोज कळायचं. का भेटले ते एकदाही नाही."

इंग्रजी सुधारलं का? "'रिसीव्ह्ड' आणि 'कॉर्डियल' हे दोन शब्द पक्के झाले."

५

एका प्राध्यापकाचं मत: अमेरिकेत बघण्यासारख्या बातम्या एकच, सार्वजनिक वाहिनीवरचा 'न्यूजअवर'. तासभर चालतो, कुणी ओरडत नाही, मध्ये औषधांच्या जाहिराती नाहीत. "झोप येते, पण म्हणूनच विश्वास बसतो."

हा कार्यक्रम १९८३ मध्ये तासाभराचा झाला. निवेदकांच्या जोडीतले रॉबर्ट मॅक्नील जन्माने कॅनडाचे. त्याच वर्षी एबीसीच्या संध्याकाळच्या बातम्यांचे मुख्य निवेदक झाले पीटर जेनिंग्ज, तेही कॅनडाचे. शाळा अर्धवट सोडलेले. जेनिंग्जनी अमेरिकेला वीस वर्षं रोज संध्याकाळी जगाच्या बातम्या सांगितल्या आणि अमेरिकन नागरिकत्व घेतलं २००३ मध्ये. म्हणजे आमचे लोक तिकडं सोफ्यावर बसून ज्याच्यावर मत देत होते, तोही त्यांच्यासारखा बाहेरूनच आलेला. हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. इंग्रजी चांगलं असलं की परका ओळखू येत नाही.

६

उमरग्याचे एक सासरे सहा महिने मुलीकडे राहून आले. इंग्रजी बेताचं. दिवसभर फॉक्स न्यूज, कारण अक्षरं मोठी. जावई विरोधी विचाराचा. त्यानं हळूच एमएसएनबीसी लावून दिलं. सासऱ्यांना फरक कळला तो रंगांचा.

त्यांचं मत: "भांडायलेत चांगले. पण पडद्यावर दोघं-तिघंच. आपल्याकडं नऊ खिडक्या असतेत, पैसे फिटतेत."

जावयाचं म्हणणं, पूर्वी असं नव्हतं. बरोबर आहे. १९४९ पासून तिकडं नियम होता की हवेतून प्रक्षेपण करणाऱ्यानं वादाच्या प्रश्नावर दुसरी बाजूही ऐकवली पाहिजे. १९८७ मध्ये तो काढून टाकला. फॉक्स आणि एमएसएनबीसी दोन्ही १९९६ च्या. पण त्या केबलवरच्या, आणि तो नियम केबलला कधी पुरता लागूच नव्हता. जावई हे मधलं सांगत नाही. गोष्ट बिघडते.

७

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. न्यूयॉर्कला त्या वेळी २९ तारखेची संध्याकाळ, ६ वाजून २६ मिनिटं. तिकडच्या मोठ्या वाहिन्यांच्या राष्ट्रीय बातम्यांची ठरलेली वेळ साडेसहा. म्हणजे भूकंपात किल्लारी आणि सास्तूर खाली आलं, त्यानंतर चार मिनिटांनी बातम्या सुरू झाल्या. त्यात हे अर्थातच नव्हतं. लंडनला रात्रीचे ११.२६, बीबीसीच्या नऊच्या आणि आयटीएनच्या दहाच्या बातम्या होऊन लोक झोपायला गेलेले.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळीकडे होतं. तेव्हा न्यू जर्सीत शिकणाऱ्या, आता साठीकडे आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं ते असं. नकाशात भारत, त्यात एक लाल ठिपका. गावाचं नाव किल्लारी, जिल्हा लातूर. त्यांचं गाव तेरणेच्या अलीकडचं, उस्मानाबाद जिल्ह्यातलं; त्या गावाचं नाव कुणीही घेतलं नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, हेही कुणी सांगितलं नाही. मृतांचा आकडा दर बातमीला वाढत होता आणि शेवटी जवळपास १० हजारांपर्यंत गेला. फोन लागत नव्हता. सोलापूरच्या नातेवाइकाकडून निरोप आला तो काही दिवसांनी.

"पण एक सांगतो," ते म्हणाले. "एका वाहिनीवर कुणीतरी तज्ज्ञ आला आणि त्यानं भिंतीचं चित्र काढलं."

भिंत दोन-अडीच फूट जाड. दोन्ही बाजूंनी दगड, मधे माती आणि खडी. दोन्ही बाजूंना सांधणारा लांब दगड कुठेच नाही. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, दर दोन-चार वर्षांनी पाऊस गळतो म्हणून नवा टाकलेला. आजोबांनी, वडिलांनी, चुलत्यांनी. चित्रात बाण काढून दाखवलं होतं की जमीन हलली की भिंतीच्या दोन बाजू सुट्या होऊन बाहेर पडतात आणि माती खाली येते.

"ते आमचं माळवद होतं. त्यावर मी उन्हाळ्यात झोपलोय. ते कसं मारतं हे मला न्यू जर्सीत इंग्रजीत कळलं."

त्या आठवड्यात तिकडच्या टीव्हीनं दाखवलेलं बाकी सगळं रडणं होतं, असं त्यांचं मत. बातमी म्हणजे ती भिंत.

८

भूकंपानंतर परदेशी पत्रकारही आले. त्यांना पाणी उकळलेलं हवं होतं. चहा चालला.

९

सगळ्यांत आधी आमच्या जिल्ह्याबद्दल लिहिणारा परदेशी माणूस बहुधा पहिल्या शतकातला. ग्रीक भाषेत लिहिणारा, इजिप्तकडचा कुणी व्यापारी. नाव माहीत नाही. त्याच्या 'पेरिप्लस'मध्ये तगर येतं, म्हणजे आपलं तेर. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांवरून भडोचला येतं, असं तो सांगतो. तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, पण तेवढं चालायचं.

दिशा, अंतर आणि माल. मत नाही.

१०

लोहाऱ्याकडची एक परिचारिका इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात आहे. तिथल्या बातम्यांचं तिला फार कौतुक होतं. ओरडत नाहीत, आणि चुकलं तर चुकलं म्हणून सांगतात. मग १५ डिसेंबर २०२२ ला तिथल्या परिचारिकांच्या संघटनेनं संप केला, संघटनेच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा. ही त्यात होती. संध्याकाळी घरी येऊन बातम्या लावल्या. संपकऱ्यांना वेळ दिला, मंत्र्यांनाही दिला. तिथं टीव्हीच्या बातम्यांनी निःपक्षपाती असलं पाहिजे, असा कायदाच आहे.

"पहिल्यांदा मला त्या बातम्यांचा राग आला," ती म्हणाली. "सगळं बरोबर होतं."

तीन महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, महाराष्ट्रात जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला. तिची बहीण त्यात होती. ती बातमी हिला बहिणीच्या स्टेटसवर दिसली.

११

इंग्लंडात टीव्ही बघायला लायसन लागतं. एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झालं. हे सांगितलं की इथं तरुण पोरं हसतात. साठीच्या पुढचे हसत नाहीत. त्यांनी रेडिओचं लायसन पोस्टात रांग लावून काढलेलं आहे.

१२

म्युनिकमधला भूमचा मुलगा. जर्मनीत दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात, घरात टीव्ही असो नसो. त्या पैशांतून ज्या बातम्या होतात त्या जर्मनमध्ये. डॉइचे वेलेची चोवीस तासांची इंग्रजी वाहिनी २०१५ पासून आहे, पण ती कायद्यानं बाहेरच्या जगासाठी, आणि तिचा खर्च या वर्गणीतून नाही, सरकारी तिजोरीतून. "कळत नाही त्याचे पैसे वेगळे मोजतो. कळतं ते आपल्यासाठी नाहीच," असा त्याचा हिशेब. पहिल्या दिवशी त्यानं ही इंग्रजी वाहिनी लावली तेव्हा बातमी भारताचीच चालली होती.

भूमहून जाताना तो खवा नेतो. विमानतळावर अडवतात. त्यावरही त्याची मतं आहेत. ती इथं नकोत.

१३

फिलिप मेडोज टेलर. लिव्हरपूलचा, पंधरा-सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आला, निजामाच्या नोकरीत वाढला. १८४० ते १८५३ लंडनच्या 'टाइम्स'चा इथला बातमीदार. १८५३ च्या तहात निजामानं कंपनीला जे मुलूख तोडून दिले त्यांत नळदुर्ग होतं, आणि तिथला कारभारी म्हणून टेलरला नेमलं. म्हणजे नळदुर्गला आला त्याच वर्षी त्याची बातमीदारी सुटली. आमचा जिल्हा 'टाइम्स'मधून थोडक्यात हुकला.

पुढं त्यानं १८६३ मध्ये 'तारा' ही कादंबरी काढली. नायिका तुळजापूरची, काळ अफजलखानाचा. तीन खंड. वर्तमानपत्रात जागा न मिळालेली माणसं काय करतात त्याचा हा जुना दाखला.

१४

वेणू चितळे कोल्हापूरकडच्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनला बीबीसीवर इंग्रजी बातम्या वाचत. ऐकणारे तिथले इंग्रज. नंतर हिंदुस्थान विभागात. तिथं त्यांच्याबरोबर एरिक ब्लेअर नावाचे गृहस्थ होते, लेखनातलं नाव जॉर्ज ऑरवेल. ते युद्धाची साप्ताहिक बातमीपत्रं इंग्रजीत लिहीत, त्यांची मराठी होई, आणि ती लंडनहून हवेत सोडली जाई. आधी सेन्सॉर बघे. कुणाकुणापर्यंत पोचत असतील कोण जाणे. आमचा जिल्हा तेव्हा पुन्हा निजामाकडे, आणि गावात रेडिओ असलाच तर एखाद्या देशमुखांकडे.

आजच्या परदेशस्थांकडे तिकडच्या बातम्यांविषयी मत असतं. बाईंच्या समोर माइक होता.

१५

एप्रिल २०१६. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दिल्लीच्या इंग्रजी वाहिन्या आल्या, त्यांच्यामागं परदेशी आल्या. कॅलिफोर्नियात ऑफिसातल्या सहकाऱ्यानं आमच्या जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एकाला विचारलं, ती गाडी तुमच्याकडचीच का? याला काय सांगावं कळेना. लातूर शेजारचा जिल्हा. याच्या गावाला टँकर यायचा. टँकरची बातमी होत नाही, त्याला शिट्टी नाही.

गंमत अशी की तेव्हा कॅलिफोर्नियातही दुष्काळच होता. आदल्या वर्षी तिथल्या गव्हर्नरांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्के कमी करायचा हुकूम काढलेला. स्थानिक वाहिनीवर रोज हिरवळ वाळल्याच्या बातम्या, वाळलेल्या हिरवळीला हिरवा रंग मारून देणाऱ्यांच्या मुलाखती. "आधी लै हसलो," तो म्हणाला. "मग पाण्याचं बिल आलं."

१६

इथं बसून इंग्रजी बातम्या बघणारे बाहेरचे लोकही आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरला १९८६ पासून केंद्र आहे. केरळची, आसामची, झारखंडची मुलं येतात. मराठी कळायच्या आत भाकरी कळते.

एकदा चहाच्या टपरीवर ईशान्येकडचा एक मुलगा भेटला. मणिपूरमध्ये हिंसा सुरू झाली ३ मे २०२३ ला. तिथल्या दोन बायकांची विटंबना झाल्याचा व्हिडिओ फिरला १९ जुलैला, आणि त्या रात्री सगळ्या इंग्रजी वाहिन्या जाग्या झाल्या. मधले अडीच महिने हा मुलगा रोज त्या लावून बसायचा. "आमचा भाग हवामानाच्या नकाशात असतो," तो म्हणाला. त्याच्या मोडक्या हिंदीत याहून लांब वाक्य होत नव्हतं, आणि लागतही नव्हतं.

टपरीवाल्यानं मधेच विचारलं, मणिपूर म्हणजे कोल्हापूरच्या पुढं का?

१७

हैदराबाद. १९५६ पर्यंत उमरग्याची राजधानी. आजोबा तिथं कोर्टाच्या कामाला जायचे, उर्दूत अर्ज घेऊन. नातू तिथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. तेलुगू येत नाही, म्हणून शहराच्या बातम्या इंग्रजीत बघतो. तो स्वतःला "बाहेरचा" म्हणतो.

१८

न्यू जर्सीतल्या एका घरात सकाळी मोठ्या पडद्यावर सीएनएन आणि टॅबवर तुळजाभवानीचं लाइव्ह दर्शन, शेजारी शेजारी. घटस्थापनेच्या आधीचे काही दिवस देवीची निद्रा. मूर्ती सिंहासनावरून पलंगावर. बाई म्हणाल्या, "तेवढे दिवस मी आवाज बंद ठेवते." कशाचा? "सीएनएनचा."

१९

उस्मानाबाद शहराचं नाव बदलायला केंद्रानं २४ फेब्रुवारी २०२३ ला ना हरकत दिली. परदेशस्थांच्या पासपोर्टवर जन्मस्थान अजून जुनंच. त्यांतल्या एकाची तक्रार निराळी: "इतकी वर्षं तिकडच्यांना एक नाव म्हणायला शिकवलं. आता परत पहिल्यापासून." टीव्हीवर आलं होतं का? "नाही. दोन्ही नावांनी कधीच नाही."

२०

ऑस्ट्रेलियात एसबीएस ही वाहिनी १९८० मध्ये मुद्दाम बाहेरून आलेल्या लोकांसाठी काढली. तिच्या बातम्या जगभरच्या असतात. मेलबर्नमधली आमची मुलगी (भावाची) ती बघत नाही. खासगी वाहिनी बघते, जिथं पहिल्या पाच मिनिटांत खून, आग आणि फुटबॉल असतं. "एसबीएसवर सगळं बाहेरचं दाखवतात काका. ते मला माहितीये. शेजारी काय चाललंय ते बघायला नको का?"

शेजारी काय चाललं होतं? पोपटांनी कुणाच्यातरी छताची तार कुरतडली होती. तीन मिनिटं दाखवलं.

२१

तीस वर्षं न्यू जर्सीत काढून एक जण उमरग्याला परत आले. हायवेलगत घर बांधलं. सकाळी चहा घेऊन मोबाइलवर तिकडच्या स्थानिक वाहिनीचे ट्रॅफिकचे अपडेट बघतात. तिकडं तेव्हा आदली रात्र असते. समोर पुणे-हैदराबाद रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा, मागं हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग.

शेजाऱ्यानं विचारलं, "काय बघायलाव सर?"

"टर्नपाइकला एक्झिट अकराजवळ अडकलेत."

"कोण?"

"सगळेच."